उलटी टांगलेली झडप

मित्रांनो, असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. नाहीतर तुमच्या-माझ्यात मैत्री कसली? मी एक झडप आहे. जुनी, लाकडी आणि तुमच्यावर चिडलेली. तुम्ही रोज मधल्या सुट्टीत माझ्यावर बसून डबे खाता, खरकटे माझ्या फटींत सारता आणि कर्कटकाच्या टोकाने माझ्या पाठीवर एकमेकांची नावे कोरता. मी कुठून आले, माझ्याखाली काय झाकले आहे, हे तुमच्यापैकी एकाने तरी कधी वाकून पाहिले आहे का? तुमचे आईबाप पाहत नाहीत, तर तुम्ही कशाला पाहाल?

माझ्याखाली विहीर आहे. एके काळी चौदा घरे तिचे पाणी पीत होती. तुमची शाळा या कोपऱ्यात बांधली तीसुद्धा तिच्याच भरवशावर. आज तिचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून तुम्ही घरून बाटल्या आणता आणि तुमच्या आया आठवड्यातून दोनदा टँकरपुढे हंडे घेऊन भांडतात. ही विहीर कशी नासली आणि कोणी नासवली, ते मी सांगणार आहे. गोड बोलून सांगेन अशी आशा ठेवू नका.

समोर शेताच्या शेवटाला मातीचा उंच बांध दिसतो, त्याच्या पलीकडे समुद्र आहे. तो बांध एका म्हाताऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून घातला. चार वर्षे माती वाहिली तेव्हा कुठे समुद्र मागे हटला आणि आत भाताचे शेत झाले. पण नुसता बांध घालून भागत नाही. समुद्र बाहेर राहतो तसे पावसाचे पाणी आत अडकते. म्हणून बांधाखालून एक दगडी मोरी काढली आणि मोरीच्या बाहेरच्या तोंडाला लावायला मला घडवले.

मला घडवणारा सुतार फार कमी बोलत असे. त्याने तीन जाड फळ्या निवडल्या, त्या आडव्या पट्ट्यांनी एकत्र ठोकल्या आणि वरच्या कडेला दोन लोखंडी बिजागऱ्या बसवल्या. समुद्राकडच्या बाजूला गरम डांबराचे तीन हात दिले. मागच्या बाजूला, जी मोरीच्या दगडाला टेकणार होती, तिच्या कडेने जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी मारली. डांबर काही तिथे लावले नाही, कारण तिथे समुद्र पोचणारच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझे काम साधे होते. ओहोटीला समुद्र मागे सरला की आतले पावसाचे पाणी मला ढकलून बाहेर पडे. भरतीला समुद्र चालून आला की तोच मला मोरीच्या तोंडावर दाबून धरी आणि मी बंद. कोणी हात लावायची गरज नाही. दिवसातून दोनदा उघडायचे, दोनदा मिटायचे. तीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही. म्हातारा रोज सकाळी बांधावरून फेरी मारी आणि काठीने मला दोनदा ठोठावून पुढे जाई. एकदा कोणीतरी त्याला मुलांबद्दल विचारले, तर म्हणाला, "दोन मुलगे आहेत आणि ही झडप आहे. त्यातली झडप तेवढी वेळेवर उठते." एवढे कौतुक माझे पुढे कोणी केले नाही.

कोळंबी तेव्हाही होती. मोरीच्या आतल्या तोंडाशी एक खड्डा होता. मी मिटता मिटता काही कोळंबी आत निसटत आणि त्या खड्ड्यात राहत. घरातल्या बायका टोपलीने काढून नेत. कोळंबीवर माझा राग नाही. तिने कोणाचे काही घेतले नाही, तिला कोणी विचारलेही नाही.

म्हातारा गेला आणि शेताचे दोन वाटे झाले. वरचे शेत आणि त्याच्या सखल कोपऱ्यातली ही विहीर थोरल्याकडे गेली. बांधालगतचे खालचे शेत धाकट्याकडे आले आणि शेताबरोबर मी आले. दोघांच्या मध्ये कमरेएवढा मातीचा बांध होता. घर मात्र एकच राहिले, चूलही एकच. ती वहिनीमुळे. थोरल्याचे लग्न झाले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि आई नुकतीच गेलेली. त्याचे गुडघे पुसण्यापासून त्याला शाळेत ओढून नेण्यापर्यंत सगळे तिनेच केले. जेवताना तो तिच्याच हातून पाणी घेई. थोरल्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. भला माणूस, पण गप्प बसणे हा त्याचा मुख्य धंदा. वाद सुरू झाला की तो जनावरांना चारा टाकायला जाई, टाकलेला असला तरी.

मग एक दिवस बांधावर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेला माणूस आला. गावाने त्याचे नाव बुटवाला ठेवले. तो कोळंबीचे बीज आणि खाद्य विकत असे. चिखलात न उतरताच त्याने शेताकडे पाहिले आणि धाकट्याला सांगितले की ही जागा भातासाठी वाया चालली आहे. समुद्र फुकट आहे, तो आत घे. तीन महिन्यांत माल तयार. भाताला किती महिने लागतात, आणि घरी खाऊन हातात काय उरते, ते तूच बघ.

धाकटा भुलला. मी त्याला मूर्ख म्हणत नाही, मूर्ख असता तर मी त्याला माफ केले असते. त्याला सगळे कळत होते. खारे पाणी जमिनीत मुरते हे त्याच्या बापाने त्याला बोट धरून शिकवले होते. बुटवाल्यानेही एक गोष्ट खरी सांगितली होती: तळ्याच्या तळाला आणि मधल्या बांधाला चिकणमातीचा हातभर थर दे, तळ्याभोवती चर खण आणि जमिनीचा तिसरा भाग वापरलेले पाणी निवळायला मोकळा सोड. धाकट्याने थर दिला तो वीतभर. चर खणला तो अर्धा. तिसरा भाग मोकळा सोडायचे तर त्याच्या जिवावरच आले.

आणि मला उलटे टांगायला त्याने सुतारालाच बोलावले. मोरीच्या बाहेरच्या तोंडावरून काढून मला आतल्या तोंडाला लावायचे होते, म्हणजे भरती मला आत ढकलून शिरेल आणि ओहोटीला तळ्याचे पाणी मला दाबून स्वतःच कोंडून राहील. सुतार थकला होता, पण हात अजून स्थिर होता. त्याने माझी बिजागरी हलवून पाहिली.

"फिरवून देतो," तो म्हणाला. "पण एक ध्यानात घे. ही अशी टांगली की आत घेणं तेवढं आपोआप होईल. बाहेर सोडायचं म्हटलं तर माणसं लावून उचलावी लागेल."

"काका, मला आतच घ्यायचंय."

"आणि कोरी बाजू आता समुद्राकडे जाणार. तिला डांबर मार, नाहीतर किडा धरेल."

"मारतो. आधी पाणी तर येऊ दे."

डांबराचा डबा आला. तो पंपाच्या खोलीत राहिला, त्याच्यावर पाटी ठेवून मजूर जेवू लागले. मला ज्याच्याविरुद्ध उभे केले होते, त्याच्यासाठीच आता मी दिवसातून दोनदा दार धरू लागले. पहिली भरती माझ्या पाठीवर आदळली आणि आत शिरली, तेव्हा आत भाताची खोडे अजून उभी होती. मला धाकट्याचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

पहिले वर्ष त्याचे चांगले गेले, हे सांगायला हवे. पाणी यायला वाट हवी म्हणून बांधाबाहेरची खारफुटी तोडली आणि नळीसारखा सरळ चर खणला. त्या झाडांत माशांची पिल्ले वाढत, पलीकडच्या वस्तीतल्या बायका तिथे खेकडे धरत. त्या एकदा बांधावर येऊन विचारून गेल्या, आता आम्ही कुठे जायचे. धाकटा म्हणाला, समुद्र मोठा आहे. तळ्यात रात्रंदिवस चाके फिरू लागली, पाणी घुसळू लागली. पोत्यांनी खाद्य पडू लागले. माल निघाला तेव्हा त्याने घरी वहिनीसाठी फ्रिज आणला. वहिनीने तो आठ दिवस नुसता पुसला, मग त्यात विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. दुसरे काही ठेवायचे तिला सुचले नाही.

माल काढताना तळे रिकामे करावे लागे. चार माणसे साखळी ओढून मला वर उचलत आणि खालचा काळा गाळ, उरलेले खाद्य, औषधाची पूड सगळे माझ्या अंगावरून समुद्रात जाई. त्याचा वास आठवला की मला आजही किळस येते. बाहेर ज्या पाण्यात ते सोडत, तेच पाणी पुढच्या भरतीला आत घेत. आपल्याच खरकट्यात पुन्हा जेवायला बसावे तसे. मला वाटे, हे एवढ्या मोठ्या माणसाला दिसत कसे नाही.

दुसऱ्या वर्षी थोरल्याच्या भाताची पाती टोकाला करपली. मधल्या बांधालगतच्या पहिल्या चार ओळी, नंतर आठ. मग एका सकाळी वहिनीने विहिरीचे पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवला. पाणी मचूळ लागत होते. तिने नवऱ्याला सांगितले, तो चारा टाकायला गेला. तिने धाकट्याला विहिरीवर बोलावून तांब्या पुढे केला. त्याने घोट घेतला. घेताना त्याची भुवई हलली, बांधावर उभ्या असलेल्या मजुरांनीही ते पाहिले आणि नंतर माझ्याजवळ बसून त्याची नक्कल केली. पण वहिनीला तो म्हणाला, "काही नाही वहिनी. तुमच्या जिभेला वाटतंय."

त्या वर्षी बुटवाल्याच्या सांगण्यावरून त्याने बीज चौपट टाकले. जिथे दहा राहाव्यात तिथे चाळीस. इकडे माझ्या कोऱ्या पाठीत किडा शिरला होता. हा किडा बाहेरून दिसत नाही. टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून आत शिरतो आणि आत बोटाएवढ्या नळ्या कोरत बसतो. वर्षभरात मी बाहेरून झडप आणि आतून चाळण झाले. फुगले, वाकले, मोरीच्या चौकटीत रुतले. पंपाच्या खोलीतल्या डांबराच्या डब्यावर आता पाटीसोबत रेडिओही ठेवला जाई.

तिसऱ्या वर्षी, माल काढायला वीस दिवस उरले असताना, एका दुपारी कोळंबी काठाला येऊन पडू लागली. कवचावर पांढरे ठिपके होते. हा रोग आला की तळे पाच-सात दिवसांत संपते. त्यासाठी नियम आहे. तो छापलेला कागद धाकट्याने स्वतःच पंपाच्या खोलीत चिकटवला होता, पण त्याच खिळ्यावर त्याचा रेनकोट लटकत असे. नियम असा की झडप बंद ठेवायची, पाणी बाहेर सोडायचे नाही, औषध टाकून पंधरा दिवस थांबायचे. कोळंबी गेली तर जाऊ द्यायची. नाहीतर तेच पाणी शेजारची तळी ओढणार आणि रोग पुढे जाणार.

धाकट्याने रेनकोट उचलला नाही. बुटवाल्याने सांगितले होते, संध्याकाळपर्यंत जिवंत काढशील तेवढा माल तुझा. बर्फाचा ट्रक बांधाच्या टोकाला येऊन उभाही राहिला. माल काढायचा तर आधी पाणी उतरवायला हवे. त्याने साखळी धरली. चार माणसे लागली, मग सहा. मी हलले नाही. साखळीचे वरचे चाक वाकले. एकाने पहार घालून पाहिली, ती माझ्या अंगात रुतली. बाहेर ओहोटीही त्या दिवशी अर्धवटच होती, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या मधल्या दिवसांत समुद्र फारसा उतरत नाही. लोक सांगतात, झडप फुगली होती, कुजली होती, अडकली. लोक सांगतात ते सध्या धरून चला.

तेव्हा धाकट्याने फावडे उचलले आणि तो मधल्या बांधाकडे गेला. त्या बांधापलीकडे थोरल्याचे शेत होते आणि शेताच्या सखल कोपऱ्यात विहीर.

वहिनी विहिरीवरच होती. कठडा गुडघ्याएवढा, आणि एका बाजूला पोहरा ओढायला खाच. तिने फावडे पाहिले आणि तिला सगळे कळले. धावली नाही, ओरडली नाही. हंडा बाजूला ठेवून तिने एवढेच म्हटले, "भावजी, इकडे विहीर आहे."

"शेतावरनं निघून जाईल पाणी, वहिनी. तासाभराचा प्रश्न आहे."

थोरला गोठ्याच्या दारात उभा होता. त्याच्या हातात चारा होता. तो तिथेच उभा राहिला.

धाकट्याने बांध फोडला. भरतीने त्या शेताहूनही उंच चढलेले तळे थोरल्याच्या शेतात शिरले, भाताच्या लोंब्यांवरून सखल कोपऱ्याकडे धावले. गुडघ्याएवढे चढले आणि कठड्याच्या खाचेतून विहिरीत पडू लागले. त्याचा आवाज मला मोरीतून ऐकू येत होता. खारे पाणी, गाळ, मेलेली कोळंबी, औषध, सगळे. तासाभराने नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पडत होते. ट्रक अर्धा भरून निघाला आणि त्यातलाही निम्मा माल पुढे बाजारात कोणी घेतला नाही म्हणे.

संध्याकाळी धाकटा चिखलाने भरलेला घरी गेला. वहिनी उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात तांब्या होता, पण पाण्याचा नव्हता, रिकामा. तिने तो त्याच्यापुढे धरला. काय बोलली ते सुताराच्या बायकोने स्वतःच्या कानांनी ऐकले, आणि तिच्याकडून ते सगळ्या गावाला पाठ झाले.

"पाणी गोड झालं की मला सांगायला या, भावजी. तोवर या घरात पाऊल टाकू नका."

ज्याला तिने नऊ वर्षांचा असल्यापासून वाढवले, त्याला ती हे म्हणाली. त्या रात्रीपासून तो पंपाच्या खोलीत राहतो. फ्रिज अजून घरात आहे, रिकामा आणि बंद. त्यात ठेवायला पाणीच उरले नाही.

आता विचाराल, पुढे काय केले. पहिल्या वर्षी धाकटा एकटाच विहीर उपसायला लागला. डिझेलचा पंप आणला. पाणी काढायचा, ते पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचा. मित्रांनो, एकटा माणूस विहीर उपसू लागला की बाकीचे काय करतात ठाऊक आहे? कठड्यावर बसून बघतात. तुमचे आजोबा, काका, मामा, सगळे बसले होते. कोणी म्हणाले, भोग आता. कोणी म्हणाले, पंप उलटा बसवलाय की काय, याला सगळे उलटेच बसवायची हौस. हसले. थोरला आला नाही. वहिनीही आली नाही. दुसऱ्या वर्षी पंप बिघडला आणि धाकट्याने हात टेकले. तळे तसेच पडले, तळाला मिठाचा पांढरा पापुद्रा धरून. तिथून अजून खार झिरपते.

मग विहिरीत कोणाची तरी शेळी पडली. आज शेळी पडली, उद्या शाळेतले मूल पडेल, म्हणून सगळे जागे झाले. झाकण करायचे ठरले. मला मोरीतून पहारीने उखडून आणले आणि सुतारापुढे टाकले. त्याने मला उलथेपालथे केले, दोन्ही बाजूंना बिजागरीच्या खुणा पाहिल्या, किड्याच्या भोकांत काडी घालून पाहिली. सडलेला भाग कापला, नवीन पट्ट्या ठोकल्या.

"झाकण करून देतो," तो म्हणाला. "पण झाकल्यानं पाणी गोड होत नसतं. त्या तळ्याचा बांध फोडा, पावसाला ते धुऊ द्या. चर पुरा करा. आणि सगळ्यांनी मिळून विहीर उपसा, दर उन्हाळ्याला. चार-पाच पावसाळे लागतील. होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि झाकण लावून घरी गेले. सुतार त्याच वर्षी वारला.

तेव्हापासून वर्षातून एक दिवस मला उचलतात. पाऊस सरला की धाकटा येतो, वहिनी येते, बघायला गाव येते. पोहरा सोडतात. धाकटा तांब्यातून एक घोट घेतो आणि मान हलवतो. गावाला बरे वाटते. पुन्हा मला लावतात आणि वर्षभर तुम्ही माझ्यावर बसून डबे खाता. अशी अकरा वर्षे झाली. चाखून विहीर गोड होते असे यांना कोणी सांगितले? अकरा घोट! उपसली असती तर एव्हाना चौदाही घरे पाणी पीत असती. पण उपसण्यात घाम आहे आणि एकाला गुन्हेगार ठरवून त्याच्याकडे बघत उभे राहण्यात नाही.

यंदाचे तुम्हांला ठाऊक नाही, तुम्हांला त्या दिवशी सुट्टी होती. यंदा धाकट्याने घोट घेतला आणि तो म्हणाला, "गोड आहे." त्याचे केस पांढरे झाले आहेत. वहिनीचे गुडघे गेले आहेत, तिला धरून आणावे लागते. तिने त्याच्या हातातून तांब्या घेतला. गावातल्या प्रत्येकाला वाटले, आता ही थुंकणार. तिने तो घोट तोंडात धरला, बराच वेळ धरला आणि गिळला. खारट होता, मी तर त्याच्यावरच पसरलेली असते, मला माहीत आहे.

"नाही, भावजी," ती म्हणाली. "अजून नाही." आणि तांब्या पुन्हा त्याच्या हातात देताना तिने तो लवकर सोडला नाही. तिलाही तो घरी यायला हवा आहे. तिचीही एवढी वर्षे गेली.

सगळे गेल्यावर तो माझ्यावर येऊन बसला. माझ्या जुन्या बिजागरीच्या खुणेवर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू सुटली असतीस तर."

आता जे मी कोणाला सांगितले नाही ते सांगते, आणि सांगताना मला लाज वाटते. मी सुटू शकले असते. फुगले होते हे खरे, पोखरले होते हेही खरे. पण सहा माणसांनी साखळी ओढली तेव्हा माझी वरची कड चौकटीतून निघाली होती. आणखी एक हिसका, आणि मी आले असते. मी आले नाही. तीन वर्षांचा राग माझ्यात मुरला होता. मला वाटले, आता बघू दे याला. मला उलटे टांगतोस? मग ओढ. मी दात-ओठ खाऊन धरून राहिले आणि त्याची फजिती बघत मला बरे वाटले. तेवढ्यात त्याने फावडे उचलले.

पुढे कित्येक वर्षे मी मनाशी म्हणत आले, की मी पलीकडची तळी वाचवली, रोगट पाणी समुद्रात जाऊ दिले नाही, नियम मीच पाळला. थाप आहे ती. मला नियमाची पर्वा नव्हती. मला त्याला धडा शिकवायचा होता. धडा त्याला मिळाला आणि विहीर नासली. खाऱ्या पाण्यापासून जिला राखायचे होते तिच्याच तोंडावर आज मी पडून आहे. माझ्या रागाने एक थेंब पाणी गोड झाले नाही, आणि गावाच्या रागानेही झालेले नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी म्हणतात, मला जपा, मला तेल लावा, मला विसरू नका. मला यातले काही नको. मला इथून उचला. माझ्या जागी जाळी बसवा, म्हणजे कोणी पडणार नाही आणि पाऊस आत जाईल. मला चुलीत घाला. डांबराचा धूर होईल, तुमचे डोळे चुरचुरतील, ते एकदा चुरचुरायला हवेतच. कोळंबी खायला मिळाली तर खा, पण तिचे पाणी कुठून आत आले आणि कुठे सोडले हे आधी विचारा. विचारल्यावर कोणी चारा टाकायला निघाला तर त्याचा हात धरा.

आणि त्या पंपाच्या खोलीत एक म्हातारा राहतो. तो एकट्याने उपसून थकला म्हणून थांबला, आळशी म्हणून नाही. हे मी म्हणते आहे, जिचा त्याच्यावरचा राग अजून तसाच आहे. त्याला हाक मारा. वहिनीच्या गुडघ्यांत आणखी चार-पाच पावसाळे आहेत की नाही कोण जाणे, तेव्हा उशीर करू नका.

घंटा झाली. उठा आता माझ्यावरून. आणि उद्या येताना नुसता डबा घेऊन येऊ नका, प्रत्येकाने एक बादली आणा.